तीन आवाजांत मावलेलं संगीत

क्युपर्टिनोत डी अँझा बुलेवार्डवरून २८० फ्रीवेकडे निघालात, की फ्रीवेच्या थोडं अलीकडे एक छोटा वळणाचा रस्ता लागतो. त्याचं नाव 'इन्फिनिट लूप'. २०१७ मध्ये ॲपल कंपनी तिच्या नव्या गोल इमारतीत जायला लागली, तोपर्यंत तिचं मुख्यालय या रस्त्यावर होतं. प्रोग्रॅममध्ये काही गडबड झाली, की तोच तो भाग पुन्हा पुन्हा चालत राहतो, बाहेर पडायला वाटच मिळत नाही. त्याला आम्ही इंजिनिअर मंडळी इन्फिनिट लूप म्हणतो. आमच्या धंद्यात तो दोष. पण एक धंदा असा आहे, ज्यात न संपणारा लूप बांधता येणं ही कामाची पहिली अट समजतात. तो म्हणजे व्हिडिओ गेमच्या संगीताचा.

या धंद्यातल्या मोठ्या माणसांपैकी एक आहेत जपानचे नोबुओ उएमात्सु. 'फायनल फँटसी' ही खेळांची मालिका तुमच्या घरातल्या तिशी-चाळिशीच्या मंडळींना नक्की ठाऊक असेल. तिच्या पहिल्या नऊ भागांचं संगीत या एका माणसाचं आहे. आमच्या घरात हल्ली त्यांचं नाव रोज निघतं, आणि त्याला कारण आमची लेक. ती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथे हे वर्ष म्हणजे कॉलेजचे अर्ज. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचे असतात, आणि त्यात कुठला विषय घेणार ते लिहावं लागतं. आमच्या गल्लीतल्या बहुतेक मुलांचं उत्तर तयार आहे, कॉम्प्युटर सायन्स. आमच्या लेकीचं उत्तर आहे, 'खेळांसाठी संगीत रचायचंय.'

मिरजेला सासूबाईंना फोनवर हे सांगताना एक गंमत झाली. लेक म्हणाली, "आजी, मला बर्कलीला जायचंय." आजी खूश. बर्कली म्हणजे आमच्यापासून तासाभरावरचं नामांकित विद्यापीठ, तिकडे नात्यातली दोन मुलं शिकून गेलीत. मग हळूहळू उलगडा झाला, की ही बर्कली वेगळी. बोस्टनला बर्कली नावाचं संगीताचं कॉलेज आहे, आणि तिथे खेळांच्या संगीताची चक्क स्वतंत्र पदवी मिळते. मराठीत दोन्ही नावं सारखीच लिहितात आणि सारखीच बोलतात! आजी क्षणभर गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, पण यावर पोट भरतं का?"

प्रश्न रास्त आहे. मिरज म्हणजे तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांचं गाव. गाण्याबजावण्यावर कुणाचं पोट भरतं आणि कुणाचं नाही, हे तिथल्या माणसांनी तीन-चार पिढ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना "आजकाल सगळं चालतं" असलं उत्तर देऊन भागत नाही. म्हणून मी उएमात्सुंची कारकीर्द जरा मन लावून वाचली. कौतुकासाठी कमी आणि हिशेबासाठी जास्त.

उएमात्सुंचा जन्म २१ मार्च १९५९ चा, शिकोकू बेटावरच्या कोची शहरातला. बारा वर्षांच्या आसपास पियानोला हात लावला, तोही स्वतःच्या स्वतः. गुरू नाही, संगीत विद्यालय नाही. कानावर पडलेला एल्टन जॉन हाच त्यांचा शिक्षक. पुढे कानागावा विद्यापीठातून पदवी घेतली ती इंग्रजीची. हौशी बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा, अधूनमधून टीव्हीच्या जाहिरातींना चाली द्यायच्या, असं चाललं होतं. पोटासाठी टोकियोत संगीत भाड्याने देणाऱ्या एका दुकानात नोकरी. आपल्याकडे एकेकाळी व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळायच्या ना, तसं तिकडे रेकॉर्ड्सचं दुकान.

या दुकानात 'स्क्वेअर' नावाच्या छोट्या कंपनीतल्या कुणीतरी त्यांना विचारलं, "आमच्या खेळांना संगीत देशील का?" ते हो म्हणाले. यातून कायमची नोकरी उभी राहील असं त्यांना वाटलंच नव्हतं, चार पैसे वर मिळतील एवढंच डोक्यात होतं. १९८६ मध्ये ते स्क्वेअरमध्ये कामाला लागले. तिथे भेटले हिरोनोबु साकागुची. डिसेंबर १९८७ मध्ये या जोडीचा 'फायनल फँटसी' बाजारात आला.

आता त्या वेळी संगीतकाराच्या हातात काय होतं ते बघा. मी चिपच्या कंपनीत काम करते, त्यामुळे मला या कहाणीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. निन्टेंडोचं 'फॅमिकॉम' यंत्र १९८३ चं. त्याच्या चिपमधून एका वेळी पाच आवाज निघत. पण त्यातला एक नुसता खरखरीचा, ढोल-ताशासारख्या ठोक्यांसाठी, आणि एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांसाठी, जो जागा फार खायचा. म्हणजे सुरांसाठी उरले तीन. दोन जरा पिपाणीसारखे वाजणारे आणि एक मऊ, खालच्या पट्टीचा. वाद्यवृंद म्हणाल तर एवढाच! पहिल्या 'फायनल फँटसी'ची अख्खी कार्ट्रिज होती २५६ किलोबाइटची. चित्रं, राक्षस, नकाशे, संवाद आणि संगीत, सगळं त्यात. आज तुमच्या फोनवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

तीन आवाजांत भरलेपणा आणायचा कसा? एक युक्ती अशी, की सगळे स्वर एकदम धरून ठेवायचे नाहीत, ते एकापाठोपाठ एक भराभर सोडायचे. कान त्यांची आपोआप मोळी बांधतो. दुसरी युक्ती म्हणजे तीच ओळ दुसऱ्या आवाजाने किंचित उशिरा आणि हळू म्हणायची. मग देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखा घुमारा येतो. 'फायनल फँटसी'ची 'प्रिल्यूड' नावाची सुरावट ऐका. नुसते चढत जाणारे आणि उतरत येणारे स्वर. साकागुचींनी ऐनवेळी आणखी एक चाल मागितली आणि ती काही मिनिटांत बसवली, असं उएमात्सु सांगतात. ती चाल आज चाळीस वर्षं होत आली तरी मालिकेची ओळख आहे.

दुसरी अडचण वेळेची. सिनेमाच्या संगीतकाराला माहीत असतं, की हा प्रसंग दोन मिनिटं दहा सेकंदांचा आहे. खेळात तसं काही नसतं. एखादा मुलगा त्या गावातून अर्ध्या मिनिटात बाहेर पडेल, दुसरा चहा प्यायला उठेल आणि अर्धा तास परत येणार नाही. चाल तोवर वाजत राहिली पाहिजे, आणि जिथे ती संपून पुन्हा सुरू होते तो सांधा कानाला टोचता कामा नये. आपल्याला हे समजायला जड नाही. तबल्याचा ठेका आवर्तनामागून आवर्तनं फिरतच असतो, समेवर येतो आणि त्याच समेवरून पुन्हा निघतो. कीर्तनात बुवा निरूपण लांबवतात तेव्हा पेटीवाले काका तीच ओळ किती वेळ धरून बसतात! श्रोत्याला कंटाळा येऊ न देता. फरक एवढाच, की काका बुवांच्या तोंडाकडे बघून वाजवतात. खेळाच्या संगीतकाराला आपला बुवा कधीच दिसत नाही. त्याला लाखो अनोळखी बुवांची सोय आधीच करून ठेवावी लागते.

अशा कामाला तेव्हा मान किती होता? फारसा नाही. ऐंशीच्या दशकात अनेक जपानी कंपन्यांच्या खेळांत संगीतकाराचं खरं नावसुद्धा येत नसे, टोपणनाव छापून मोकळे होत. संगीतातली मंडळी म्हणत, ही खेळण्यातली पिपाणी. आपल्याकडे पेटीच्या वाट्याला यापेक्षा वेगळं काय आलं? परदेशातून आलेलं वाद्य, सूर ठरलेले, मींड घेता येत नाही, म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केलं ते पुढे तीस वर्षं. पण त्याच पेटीवर मोठे झालेले गोविंदराव टेंबे १९११ मध्ये 'मानापमान'ला चाली देऊन गेले आणि १९३२ मध्ये बोलपट नावाचं नवं यंत्र आलं, तेव्हा 'अयोध्येचा राजा'चं संगीतही त्यांनीच केलं. नवं माध्यम आलं, की त्याच्या उणिवांसकट त्याला आपलं म्हणणारा कुणीतरी लागतो. जपानमध्ये खेळांच्या बाबतीत अशा थोड्या माणसांपैकी एक उएमात्सु ठरले.

यंत्रं सुधारत गेली, तसं त्यांचं काम मोठं होत गेलं. १९९४ च्या सहाव्या भागात त्यांनी खेळाच्या आत चक्क एक ऑपेरा बसवला. गायिकेचा आवाज त्या यंत्राला काढता येत नव्हता, मग 'आ ऊ' असे गळ्यासारखे सूर काढणारा वाद्याचा आवाज घेतला आणि गाण्याचे शब्द पडद्यावर लिहून दाखवले. खेळणाऱ्यांनी ते गाणं मनातल्या मनात ऐकलं.

१९९७ मध्ये सातवा भाग आला, प्लेस्टेशनवर. यात एरिथ नावाची मुलगी आहे, खेळणाऱ्याच्या चमूतली. तास न् तास तुम्ही तिला सोबत घेऊन हिंडता, आणि मध्येच तिचा खून होतो. तेव्हा तिची स्वतःची चाल वाजायला लागते. लगेच लढाई सुरू होते. अशा खेळांत लढाई आली की लढाईचं संगीत वाजणारच, हा दहा वर्षांचा रिवाज. इथे ते वाजत नाही. समोर राक्षस, हातात तलवार, आणि मागे तीच मऊ चाल तशीच पुढे चालू. घरात मयत झालेलं असताना माणसाला दारातल्या कामाकडेही बघावं लागतं, तशी काहीशी अवस्था. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज चाळिशीला आलीत आणि माझ्या ऑफिसात त्यातली दोघं-तिघं आहेत. त्या चालीचा विषय काढला, की मीटिंगमधला आवाज खाली येतो. हे मी पाहिलंय. ब्रिटनच्या 'क्लासिक एफएम' रेडिओने २०१२ मध्ये श्रोत्यांची आवडती यादी केली, त्यात ही चाल सोळाव्या क्रमांकावर आली, तीही नामवंत पाश्चात्त्य शास्त्रीय रचनांच्या पंगतीत.

१९९९ च्या आठव्या भागासाठी त्यांनी फेय वाँग या गायिकेकडून 'आइज ऑन मी' हे गाणं गाऊन घेतलं. जपानमध्ये त्याच्या लाखो प्रती विकल्या गेल्या. २००१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने संगीतातल्या नव्या वाटा पाडणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. १० मे २००४ ला लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलमध्ये तिथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने 'फायनल फँटसी'चं संगीत वाजवलं, तिकिटं बघता बघता संपली. त्याच वर्षी अथेन्सच्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या दोन जलतरणपटूंनी त्यांच्या रचनेवर पाण्यातलं नृत्य करून कांस्यपदक मिळवलं. २००७ पासून 'डिस्टंट वर्ल्ड्स' हा कार्यक्रम स्टॉकहोमहून निघून जगभर फिरतोय. आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले, तेव्हा वाजलेल्या संगीतात लढाई जिंकल्यावर वाजणारी 'फायनल फँटसी'ची छोटी तुतारीही होती. आपले खेळाडूही त्या संचलनात तिरंगा घेऊन चालले होते. टीव्हीसमोर बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की ही धून कधीकाळी तीन आवाजांत बांधली होती!

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग अडचण कसली, पाठव मुलीला बोस्टनला. पण मी हिशेबासाठी वाचायला बसले होते, तेव्हा दुसरी बाजूही बघितली पाहिजे.

उएमात्सु जवळजवळ अठरा वर्षं पगारी नोकर होते. अशा नोकरीत रचलेल्या संगीताची मालकी साधारणपणे कंपनीकडे जाते, रचणाऱ्याकडे राहतं ते नाव. २००४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आयुष्य आपल्या हातात घ्यायचं वय झालं, हे एक कारण त्यांनी सांगितलं. दुसरं कारण वाचून मला हसू आलं. कंपनीचं ऑफिस मेगुरोहून शिंजुकूला हललं आणि ती नवी जागा त्यांना काही रुचली नाही! पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली, रेकॉर्ड लेबल काढलं, बँड घेऊन स्टेजवर उभे राहिले. काम वाढतच गेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की शरीर थकलंय, तब्येतीसाठी काम थांबवतोय. साठीला आलेला माणूस, तीस वर्षांहून जास्त काळ एकामागून एक मुदती गाठत आलेला. काही महिन्यांनी ते परतले, पण बेताने.

आणि मग या कहाणीत आमचं गाव येतं. जुने सहकारी साकागुची यांनी 'फँटेशियन' नावाचा नवा खेळ केला. त्यातली दृश्यं संगणकावर काढलेली नाहीत. दीडशेच्या वर छोटे देखावे कारागिरांनी हाताने बनवले, आणि त्यांचे फोटो घेऊन खेळ उभा केला. आपल्याकडे गणपतीपुढे करतात तसे देखावे, फक्त कितीतरी बारीक. तो खेळ एप्रिल २०२१ मध्ये 'ॲपल आर्केड'वर आला, म्हणजे क्युपर्टिनोतल्या कंपनीच्या सेवेवर. संगीत उएमात्सुंचं. अख्ख्या खेळाचं संगीत एकट्याने करण्याची ही बहुधा आपली शेवटची वेळ, असं ते तेव्हा म्हणाले. पुढेही मुलाखतींत त्यांनी तोच सूर लावला, की आता एखादं गाणं, एखादी मुख्य चाल करीन, सगळा डोलारा नाही. भाड्याने रेकॉर्ड देणाऱ्या दुकानात सुरू झालेलं काम आमच्या घरापासून दोन मैलांवर मुख्यालय असलेल्या कंपनीच्या सेवेवर येऊन टेकलं.

तर सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर काय? पोट भरतं. आता या कामाला प्रतिष्ठाही आहे. आमच्याजवळच्या रेडवुड सिटीत जन्मलेल्या ख्रिस्तोफर टिन यांच्या 'बाबा येतू' या खेळातल्या गाण्याला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि २०२३ पासून खेळांच्या संगीताला ग्रॅमीत वेगळा विभागच झाला. पण जे एका उएमात्सुंना मिळालं ते शंभरांना मिळेल असं नाही. ते शिरले तेव्हा दारात गर्दी नव्हती, कारण ते दार आहे हेच कुणाला दिसत नव्हतं. आज त्या दाराला पदवी आहे, फी आहे आणि रांगही आहे. शिवाय सांगितल्याबरोबर दोन मिनिटांत चाल करून देणारी यंत्रं याच खोऱ्यात तयार होताहेत. त्यातल्या काहींना लागणाऱ्या चिप आमच्यासारखेच लोक बनवतात, हेही मला नाकारता येत नाही.

आम्ही नवरा-बायकोने लेकीपुढे हे सगळं मांडलं. काही लपवलं नाही आणि काही फुगवलंही नाही. ठरलं ते असं. बोस्टनचा अर्ज ती भरेल. इथल्या विद्यापीठांच्या अर्जांत संगीत हा मुख्य विषय लिहील आणि जोडीला कॉम्प्युटर सायन्सचे काही वर्ग घेईल. आम्ही भीती घातली म्हणून नव्हे. खेळात संगीत बसवणाऱ्याला प्रोग्रॅमची भाषा समजावी लागते, हे तिलाच पटलंय. उएमात्सुंनाही तीन आवाजांची चिप समजून घ्यावीच लागली होती. चार वर्षांच्या फीचा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावलाय. शिष्यवृत्ती किती मिळते त्यावर पुढचं ठरेल. म्हणजे प्रश्न सुटलाय असं नाही, पण काय सोडवायचंय ते आता आम्हा तिघांनाही नीट दिसतंय.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर लेकीने पेटीवर ती 'प्रिल्यूड' वाजवली. सासरे पंचाहत्तर वर्षांचे, गावच्या भजनात आयुष्यभर पेटी वाजवलेले. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बाळ, सम कुठंय यात?" ती म्हणाली, "आजोबा, केरवा समजा," आणि सुरावट फिरून पहिल्या स्वरावर आली तिथे तिने मान हलवली. आजोबांनी मांडीवर थाप दिली. चार वेळा वाजवायला लावलं. पोटाचा प्रश्न त्यांनीही सोडला नाही, फोन ठेवण्याआधी "पण फी किती म्हणालीस?" झालंच.

तुम्हाला ऐकून बघायचं असेल, तर यूट्यूबवर हे सगळं आहे. आधी १९८७ ची मूळ 'प्रिल्यूड' ऐका. मग तीच वाद्यवृंदावर ऐका. शेवटी एरिथची चाल. घरात नातवंडं असतील तर त्यांना शेजारी बसवा, कुठे काय घडतं ते त्यांना तोंडपाठ असतं. आणि त्यातल्या एखाद्याने उद्या म्हटलं, की मलाही हेच करायचंय, तर पोटाचा प्रश्न जरूर विचारा. फक्त तो विचारायच्या आधी एकदा त्याचं ऐकून घ्या.